स्टोरेजमधील निकामी ऑप्टिकल ट्रान्सीव्हर बदलल्यानंतरचा अनुभव

आमच्या स्टोरेज ॲरेच्या (सर्व्हरांचा डेटा साठवणाऱ्या यंत्रणेच्या) एका कंट्रोलरवरील १६ गिगाबिट फायबर चॅनेलचा (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या जाळ्याचा) ट्रान्सीव्हर, म्हणजे विद्युत संकेतांचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे छोटे मॉड्यूल, निकामी झाल्यावर त्याच्या जागी बसवलेले ८५० नॅनोमीटरचे शॉर्टवेव्ह मॉड्यूल गेले काही महिने विनातक्रार चालू आहे. लिंक पूर्ण वेगाने जोडलेली राहते आणि सीआरसी त्रुटींचा (वाटेत डेटा बिघडल्याच्या नोंदींचा) काउंटर, जो बसवतेवेळी शून्यावर आणला होता, तो तिथेच आहे. मॉड्यूलविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. ते बदलण्याच्या कामाविषयी मात्र आहे.

लिंक तुटली की मॉड्यूललाच दोषी धरण्याची घाई होते. मॉड्यूल स्वतःचे तापमान, व्होल्टेज, लेझरचा बायस करंट (लेझर चालवणारा विद्युतप्रवाह) आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रकाशाची शक्ती सांगत असते, ते आकडे आधी पाहावेत. येणारा प्रकाश क्षीण आणि जाणारा ठीक असेल, तर संशय केबलवर, तिच्या टोकांवरील धुळीवर किंवा पलीकडच्या मॉड्यूलवर घ्यावा. आमच्याकडे बायस करंट वाढत गेला होता आणि तरीही जाणारी शक्ती घसरत होती. लेझर थकल्याची ही स्पष्ट खूण होय. शक्ती ३ डेसिबलने घटणे म्हणजे प्रकाश निम्म्यावर येणे, हे लक्षात ठेवले तर डीबीएममधले (प्रकाशाची शक्ती मोजण्याच्या एककातले) लहान वाटणारे फरकही लहान वाटत नाहीत.

हे मॉड्यूल यंत्र चालू असताना काढता येते, पण त्या सोयीचा अर्थ ते केव्हाही उपटावे असा होत नाही. प्रत्येक सर्व्हरच्या मल्टिपाथमध्ये (स्टोरेजकडे जाणारे एकाहून अधिक मार्ग सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) दुसऱ्या कंट्रोलरकडे जाणारा मार्ग खरोखर सक्रिय आहे याची खात्री केल्याशिवाय पोर्टला हात लावू नये. माझ्या मते सगळ्या कामातली हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच घाईत गाळली जाते. त्यानंतर पोर्ट बंद करावा, केबलवर खूणचिठ्ठी लावावी, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा, आधी केबल आणि मग लॅच उघडून मॉड्यूल काढावे. केबल ओढायची नाही, तिचा एलसी कनेक्टर दाबून सोडवायचा. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून ‘बंदच दिसतो आहे’ असे समजून टोकात डोकावू नये. मॉड्यूल बरेच तापलेले असू शकते, तेव्हा क्षणभर थांबलेले बरे.

नवे मॉड्यूल बसवण्यापूर्वी केबलचे टोक क्लीनरने पुसले. मल्टिमोड फायबरचा प्रकाशवाहक गाभा अवघा ५० मायक्रॉनचा असल्याने बोटाचा एक स्पर्शही पुरेसा अडथळा ठरतो. धुळीची टोपणे शेवटच्या क्षणापर्यंत काढली नाहीत आणि ती टाकूनही दिली नाहीत, जुन्या मॉड्यूलला लावून ठेवली. पोर्ट सुरू केल्यावर दोन्ही बाजूंचे आकडे नोंदवून ठेवले, त्यामुळे पुढच्या महिन्यांतील प्रत्येक तपासणीला तुलनेचा आधार मिळाला.

तक्रार एकच. शेजारचे पोर्ट इतके दाटीने आहेत की लॅचची कडी धरताना बाजूच्या केबलला धक्का लागण्याची भीती असते. लांब पट्टीचे लॅच असते तर काम सोपे झाले असते. सुटे मॉड्यूल जवळ ठेवायचे असल्यास ॲरेसाठी आणि स्विचसाठी (सर्व्हर व ॲरे यांना जोडणाऱ्या मधल्या उपकरणासाठी) निरनिराळे ठेवावे लागेल, कारण अनेक उपकरणे मॉड्यूलमधील ओळख-नोंद वाचून अनोळखी मॉड्यूल नाकारतात.