उत्खननाच्या नोंदी: कागदावर की टॅबलेटवर?

पुरातत्त्वीय उत्खननात मातीचा थर एकदा काढला की तो पुन्हा जागेवर बसवता येत नाही. त्याची नोंद हाच मागे उरणारा पुरावा. म्हणून वही आणि टॅबलेट यांत निवड करताना, सोयीपेक्षा, राहिलेली चूक केव्हा ध्यानात येते हे आधी पाहावे.

इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या पोर्ता स्ताबिया परिसरात सिनसिनाटी विद्यापीठाच्या पथकाने २०१० मध्ये, म्हणजे आयपॅड बाजारात आला त्याच वर्षी, छापील तक्त्यांऐवजी आयपॅडवर नोंदी घेतल्या. कागदी तक्ते नंतर संगणकात उतरवण्यात वेळ जातो हे खरेच. पण त्याहून मोठे नुकसान असे, की एखाद्या जुन्या खड्ड्याने कोणता थर कापला हे लिहायचे राहून गेले, तर ते उमगेपर्यंत तो थर उरलेलाच नसतो. टॅबलेटवर तो रकाना सक्तीचा ठेवला, तर रिकामा तक्ता पुढे सरकतच नाही.

याच सक्तीची दुसरी बाजू मला अधिक खटकते. 'चूल' की 'राखेचा खड्डा' यांपैकी एका पर्यायावर बोट ठेवले की शंका नोंदीतून नाहीशी होते. वहीच्या समासात मात्र 'भाजलेली माती फक्त पूर्वेच्या कडेला, चूल असावी का?' असे लिहिता येते. तेव्हा मोकळ्या वर्णनाचा रकाना हवाच. छेदाचे, म्हणजे चराच्या उभ्या भिंतीत दिसणाऱ्या थरांचे, रेखाटन तर आलेख कागदावरच करावे, कारण छायाचित्रावर रेघा ओढताना नजर मातीऐवजी पडद्यावर खिळते.

आयपॅडच्या वापरासाठी उत्पादकाने ३५ अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा दिली आहे. आपल्याकडील पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर मार्चच्या दुपारी ती सहज ओलांडली जाते. सावली आणि चार्जिंग यांची सोय आधीच करावी लागते. नेटवर्कची अडचण त्या मानाने किरकोळ, कारण ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या फेम्ससारख्या नोंदी घेण्याच्या प्रणाली इंटरनेटविना चालतात.

टिकाऊपणात वही पुढे आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ असे चालले. इतक्या काळात एखादे ॲप जसेच्या तसे टिकेल, यावर विसंबू नये. रोज संध्याकाळी नोंदी सीएसव्ही, म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात दोन ठिकाणी साठवाव्यात.

तीन-चार जणांच्या अल्पकालीन चाचणी उत्खननासाठी कागद पुरेसा आहे. अनेक चर आणि अनेक हंगाम असतील तर टॅबलेट घ्यावेत, पण टॅबलेटवरील तक्ता जागेवरच दुरुस्त करू शकणारी व्यक्ती पथकात असेल तरच.