जुन्या कन्सोलसाठी नवी कॅसेट: घ्यावी, जुनीच शोधावी, की डिजिटलवर भागवावं?

'स्ट्रीट फायटर' मालिकेला तीस वर्षं झाली म्हणून २०१७ मध्ये मालिकेची मूळ कंपनी कॅपकॉमच्या परवान्याने सुपर निन्टेन्डो या जुन्या कन्सोलसाठी 'स्ट्रीट फायटर २'ची कॅसेट पुन्हा निघाली. नग ५,५००, किंमत १०० डॉलर. विक्रीच्या पानावर एक इशारा होता: ही कॅसेट वापरल्यास कन्सोल तापू शकतो किंवा पेट घेऊ शकतो, आग विझवण्याचं साधन जवळ ठेवा. इशारा वकिलांच्या सल्ल्याने टाकलेला असेलही. पण १०० डॉलर घेणाऱ्याने कॅसेटमधल्या बोर्डाची (चिप बसवलेल्या सर्किटच्या पाटीची) जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात घालू नये.

कंपन्यांनी जुने गेम जुन्याच कन्सोलसाठी पुन्हा काढावेत का, या प्रश्नाचं आमचं उत्तर 'जरूर काढावेत' असं आहे. फक्त बोर्ड त्या कन्सोलच्या विजेला आणि सॉकेटला साजेसा हवा. तसा नसेल तर तोच गेम डिजिटल संचात (आजच्या यंत्रांवर एकत्र मिळणाऱ्या जुन्या गेमच्या गठ्ठ्यात) घेणं केव्हाही बरं.

गरज खरी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा दुकानात कोणत्याही अधिकृत रूपात मिळत नव्हते. डिजिटल दुकानंही कायमची नसतात. निन्टेन्डोच्या वी कन्सोलचं ऑनलाइन दुकान 'वी शॉप' ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, त्याच कंपनीच्या थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली. कपाटातली कॅसेट मात्र कोणाचा सर्व्हर बंद पडला म्हणून अडत नाही.

कॅसेटच्या आत काय बघायचं

जुन्या कॅसेटमध्ये मास्क रॉम असे, म्हणजे गेम चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला. अशी चिप काढायला मोठी ऑर्डर लागे. आता नव्या कॅसेटमध्ये फ्लॅश चिप असते आणि खरी गोम तिथेच आहे. एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम), सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह, गेम बॉय आणि गेम बॉय कलर ही सगळी ५ व्होल्टची यंत्रं. आज सहज आणि स्वस्तात मिळणाऱ्या फ्लॅश चिप ३.३ व्होल्टच्या. मधे व्होल्टेज जुळवणारी चिप न घालता दोन्ही थेट जोडल्या, तर कन्सोलचे ५ व्होल्ट फ्लॅशच्या पायांवर आदळतात, तिच्या संरक्षक डायोडमधून नको तेवढा करंट वाहतो आणि त्याचा भार कन्सोलच्या प्रोसेसरवरही पडतो. गेम चालू होतो, दिसतोही छान. म्हणूनच हा दोष पहिल्या दिवशी कळत नाही. यात झिजते ती कन्सोलमधली काही दशकं जुनी चिप, आणि ती आता नव्याने बनत नाही.

तपासणी घरी करता येते. एनईएस किंवा सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (खास स्क्रूंसाठीचा पाना) लागतो (सुपर निन्टेन्डो कन्सोलचे स्क्रू ४.५ चे). मागचं झाकण काढा आणि मोठ्या चिपवरचा नंबर वाचा. '२९एफ' मालिकेची असेल तर ती ५ व्होल्टची, काळजी नाही. '२९एलव्ही' असेल तर ३.३ व्होल्टची. मग तिच्या शेजारी '७४एएलव्हीसी१६४२४५'सारखी व्होल्टेज जुळवणारी ४८ पायांची चिप किंवा '७४एलव्हीसी२४५'च्या दोन-तीन २० पायांच्या चिप दिसल्या पाहिजेत. फ्लॅश ३.३ ची आणि सोबत एखादा रेग्युलेटर किंवा नुसते डायोड एवढंच असेल, तर ती कॅसेट मूळ कन्सोलमध्ये घालू नका. गेम बॉय अॅडव्हान्सला ही अडचण नाही, त्याच्या कॅसेट मुळातच ३.३ व्होल्टच्या.

दुसरी गोष्ट बोर्डाची जाडी. एनईएसचा बोर्ड १.२ मिलिमीटरचा असतो. बाजारात सर्रास मिळणारा बोर्ड १.६ चा. जाड बोर्ड वारंवार घातला की सॉकेटच्या पिना फाकतात आणि पुढे जुन्या मूळ कॅसेटही नीट धरत नाहीत. बोर्डाची कड तिरकी घासलेली आणि संपर्काच्या पट्ट्यांना सोन्याचा कडक मुलामा दिलेला हवा. कड चौकोनी आणि खरखरीत असेल तर ती पिनांवर कानशीसारखी फिरते.

तिसरी गोष्ट सेव्ह. मूळ कॅसेटमध्ये सेव्ह जपायला बहुधा सीआर२०३२ सेल असतो. नवी कॅसेट घेताना विचारा की सेव्ह सेलवर आहे की एफरॅमवर. एफरॅम ही वीज नसतानाही माहिती जपणारी मेमरी, तिला सेल लागतच नाही.

मूळ जुनी कॅसेट

मास्क रॉम, योग्य बोर्ड, कन्सोलला धोका शून्य: तांत्रिक बाजूने याहून चांगलं काही नाही. अडचण किमतीची आणि नकलांची. २००२ मध्ये आलेला गेम बॉय कलरचा 'शांते' हे त्याचं ठळक उदाहरण. गेम बॉय अॅडव्हान्स बाजारात आल्यावर तो निघाला, नग थोडे होते, आणि मूळ कॅसेटचा भाव शेकडो डॉलरवर गेला. २०२० मध्ये तो गेम बॉय कलरसाठीच पुन्हा निघाला, तेव्हा ज्याला नुसता खेळायचा होता त्याची सोय झाली. पुनर्प्रकाशन करावं ते अशा गेमचं. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या कॅसेट जगात ढिगाने आहेत, त्याला पुन्हा छापायची काहीच निकड नाही.

मूळ कॅसेट घेतलीत तर सेल बदलायची तयारी ठेवा. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली आकडा दिसला की सेल गेलाच समजा. टॅब आधीच वेल्ड केलेला सीआर२०३२ आणा. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने तो फुटू शकतो. सेल निघताच जुना सेव्ह जातो हे लक्षात ठेवा. आणि फुंकर मारू नका. थुंकीच्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, सुकू द्या, मगच लावा.

डिजिटल संच आणि फ्लॅश कार्ट

एकाच मालिकेचे पाच-दहा गेम खेळायचे असतील तर डिजिटल संचाशी नवी कॅसेट किमतीत बरोबरी करूच शकत नाही. शिवाय चांगल्या संचात कॅसेटवर न मिळणारं काही असतं. फॅमिकॉमच्या (एनईएसच्या जपानी रूपाच्या) 'कॉन्ट्रा'त टप्प्यांच्या मधली दृश्यं आहेत, ती अमेरिकी एनईएस आवृत्तीत नाहीत. २०१९ च्या 'कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये दोन्ही आवृत्त्या आहेत. वर्गणीवर मिळणारे गेम मात्र आपले नसतात, वर्गणी थांबली की तेही थांबले.

फ्लॅश कार्ट, म्हणजे एव्हरड्राइव्हसारखी मेमरी कार्ड घालायची कॅसेट, घरगुती प्रयोगांसाठी आणि नव्या स्वतंत्र गेमसाठी उत्तम. व्होल्टेजची तपासणी तिलाही तितकीच लागू. स्वस्तातल्या नकलांमध्ये नेमकी व्होल्टेज जुळवणारी चिपच वाचवलेली असते.

तुमचा टीव्ही कोणता?

निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. घरात जुना डबा टीव्ही असेल तर मूळ कन्सोल आणि कॅसेट यांना तोड नाही. बंदुकीचा 'डक हंट' तर फक्त त्यावरच चालतो, कारण बंदुकीतला सेन्सर डबा टीव्हीच्या पडद्यावरचा प्रकाश आणि त्याची वेळ ओळखतो. सपाट टीव्हीला कन्सोल थेट जोडलात तर अनेक टीव्ही कन्सोलच्या २४०पी (सलग २४० ओळींच्या) चित्राला ४८०आय (एकाआड एक ओळींनी येणारं) समजतात. मग कडा थरथरतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. त्यासाठी ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा स्केलर (चित्र सपाट टीव्हीला साजेसं करून देणारा डबा) लागतो, आणि तो खर्च धरला की डिजिटल संच आणखी स्वस्त वाटू लागतो.

आपल्याकडचे ६० पिनांचे कन्सोल

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी दिसलेले मीडिया आणि तत्सम कन्सोल हे फॅमिकॉमचे क्लोन, म्हणजे ६० पिनांचे. एनईएसची नवी कॅसेट ७२ पिनांची असते, त्यात ती बसणार नाही. ७२ वरून ६० वर नेणारा अडॅप्टर मिळतो. क्लोनमध्ये लॉकआउट चिप (परवाना नसलेली कॅसेट अडवणारी) नसल्याने त्या बाजूने अडत नाही. पण 'कॅसलव्हेनिया ३'सारखे गेम, ज्यांच्या कॅसेटमध्ये एमएमसी५ चिप असते, अनेक क्लोनवर सुरूच होत नाहीत. पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचा) क्लोन ५० हर्ट्झवर चालतो, त्यामुळे ६० हर्ट्झसाठी लिहिलेला गेम आणि त्याचं संगीत सुमारे १७ टक्के मंद होतं. लहानपणी ऐकलेली चाल अशीच मंद होती, म्हणून कित्येकांना मूळ वेग घाईचा वाटतो.

असा क्लोनच हाताशी असेल तर परदेशातून कुरिअर आणि कस्टम भरून नवी कॅसेट मागवण्यात अर्थ नाही. आधी मूळ कन्सोल घ्या किंवा सरळ डिजिटल संच घ्या.

कंपन्यांकडून मागायचं काय

फ्लॅशवर थोडे नगही काढता येतात. त्यामुळे नग आधीच मोजून ठेवून टंचाई निर्माण करायला तांत्रिक कारण उरलेलं नाही. महिनाभर नोंदणी खुली ठेवावी आणि जितकी मागणी येईल तितकं काढावं. विक्रीच्या पानावर बोर्डाचा उघडा फोटो, फ्लॅशचा नंबर, बोर्डाची जाडी आणि सेव्हचा प्रकार लिहावा. २०२४ मध्ये थ्रीडीओ या डिस्कवर चालणाऱ्या जुन्या कन्सोलसाठी पुन्हा निघालेल्या 'डी' या गेमच्या ग्राहकांना कारखान्यात दाबून काढलेल्या डिस्कऐवजी सीडी-आर (संगणकावर लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडी) मिळाल्या, आणि ओरड झाल्यावर कंपनीला त्या बदलून देण्याचं जाहीर करावं लागलं. माध्यम कोणतं, हे पैसे घेण्याआधी सांगितलं असतं तर ज्याला नको त्याने घेतलीच नसती.

नोंदणी करण्यापूर्वी विक्रेत्याला एवढंच लिहून विचारा: फ्लॅश किती व्होल्टची, आणि ती ३.३ ची असल्यास व्होल्टेज जुळवणारी चिप कोणती? उत्तरात चिपचा नंबर आला तर पैसे भरा. 'पूर्णपणे सुसंगत' एवढंच आलं तर थांबा.