सांगलीहून दिल्ली: पुण्याचं विमान, बेळगावचं विमान की गोवा एक्सप्रेस?

माझी भाची गेल्या वर्षी यूपीएससीच्या क्लासला दिल्लीला गेली, तिला सोडायला, आणायला, मधे एकदा तब्येत बघायला असं तिन्ही मार्गांनी जाणं झालं. आता ओळखीतले बरेचजण विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून टाकतोय.

सांगली ते दिल्ली सरळ रेषेत साधारण १३३० किमी. पुण्याहून तेच अंतर ११६० च्या आसपास, विमान सव्वादोन तासात नेतं. ते ऐकून आपण तिकीट काढतो पण पुण्यापर्यंतचे पाच तास कोण धरतं? पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, आणि कात्रजला पोचलं की लोहगावच्या विमानतळापर्यंत अख्खं शहर ओलांडायचं, ट्रॅफिक असेल तर तिथंच दीड तास गेला. वर विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, दिल्लीत उतरून बॅग घेऊन रूमवर जायला आणखी दीड तास. घर ते घर बारा तास धराच. पुण्याची जमेची बाजू एकच पण मोठी, दिवसभरात फ्लाइट भरपूर, एक चुकली तर दुसरी आहे.

बेळगावचं गणित उलटं आहे. उत्तरेला जायचं आणि निघायचं दक्षिणेला, म्हणून लोकांना पटत नाही. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळाहून, दिल्ली साधारण १४३५ किमी, म्हणजे हवेत पावणेतीनशे किमी जास्त, पण विमानाला त्याचे वीसेक मिनिटंच जादा लागतात हो! आणि इकडं मिरजेवरून चिकोडी-संकेश्वर मार्गे गाडीनं तीन तासात बेळगाव. विमानतळ छोटा, गर्दी कमी. घर ते घर नऊ-दहा तासात आम्ही पोचलो, आईला घेऊन गेलो होतो तरी ती दमली नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर माझं मत बेळगावच. फक्त दिल्लीची थेट फ्लाइट आहे का आणि किती वाजता ते आधी बघा, तिथं पुण्यासारखा पर्याय हाताशी नसतो. कोल्हापूर सगळ्यात जवळ, तासाभरावर उजळाईवाडीचा विमानतळ, पण दिल्लीसाठी मधे विमान बदलावं लागतं आणि वाचलेला वेळ त्यातच जातो.

गोवा एक्सप्रेस मिरजेहून रात्री, दुसरा अख्खा दिवस मनमाड-भुसावळ-भोपाळ करत जातो, आणखी एक रात्र, मग सकाळी दिल्लीचं निजामुद्दीन स्टेशन. तीस-बत्तीस तास. वेळ खूपच, पण पोरगी पहिल्यांदा राहायला चालली होती तेव्हा आम्ही हीच धरली कारण गादी, पुस्तकं, कुकर, चटण्या, भडंग सगळं न्यायचं होतं. विमानात इकॉनॉमीला बहुतेक ठिकाणी १५ किलो आणि हातात ७, रेल्वेत स्लीपर किंवा थर्ड एसीला माणशी ४० किलो फुकट. आम्ही दोघं होतो, म्हणजे ८० किलो, वजन करायची चिंताच नाही.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं ते मात्र नीट लक्षात घ्या. जानेवारीत पुण्याला आम्ही साडेचार तास बसून होतो, पुढचं सगळं कोलमडलं. धुक्यात गाडीही लेट होते, पण निदान झोपायला बर्थ असतो. त्या दिवसात विमान घेणार असाल तर दिल्लीत दुपारी उतरणारं घ्या, पहाटेचं नको, आणि परीक्षा किंवा मुलाखत असेल तर एक दिवस आधी पोचा.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे तारीख ठरली की रिझर्वेशन उघडतं त्याच दिवशी सकाळी आठला बसा.