झाकण उघडलं तर स्क्रीन काळी, आणि ५,४५० रुपयांना चुना

लॅपटॉपची दुरुस्ती: चेकिंग ३५०, ‘पॉवर आयसी’ (बोर्डावरची वीज सांभाळणारी चिप) ४,५००, सर्व्हिसिंग ६००. एकूण ५,४५०. आकडे आधीच लिहून टाकतो, पुढे राग आला की ते मागे पडतील.

आजार एवढाच होता. झाकण लावलं की लॅपटॉप झोपायचा. उघडलं की पंखा फिरायचा, कीबोर्ड उजळायचा, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, पुन्हा चालू केला की दिवसभर बिनतक्रार. दुकान कॉलेज रोडला की एम. जी. रोडला ते लिहीत नाही. नमुना तुम्हाला ओळखीचा आहेच: काउंटरवर मशीन उघडं टाकायचं, दोन इंग्रजी शब्द फेकायचे आणि ‘साहेब, आज दिलात तर वाचेल’ म्हणायचं.

दुकानदाराचं निदान: बोर्डावर पॉवरची लाइन शॉर्ट, आयसी बदलावा लागेल. ‘दिवसभर बिनतक्रार’. इथेच थांबायला हवं होतं. बोर्डावरची पॉवरची लाइन शॉर्ट असेल तर मशीन मुळात चालूच होत नाही, बटण दाबल्यावर फार तर दिवा लुकलुकून विझतो. आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही, ऑफिसातली अकरा मशीनं मीच बघतो. म्हणूनच लाज जास्त. पण वीस तारीख तोंडावर होती, जीएसटीचं मासिक विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, भरायचं होतं, आणि घाईत माणूस ऐकतो ते खरं मानतो. हे समर्थन आहे, कळतंय मला.

पहिला पुरावा त्याने इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दाखवला. लाल खूण, ‘कर्नल-पॉवर ४१, क्रिटिकल’. ‘बघा, मशीन स्वतः सांगतंय पॉवरचा प्रॉब्लेम आहे.’ या नोंदीचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. बटण दाबून धरून मीच तर बंद केला होता! जितक्या वेळा दाबला तितक्या नोंदी. माझ्याच बोटाची खूण मला पुरावा म्हणून दाखवली आणि मी मान डोलावली.

दुसरा पुरावा मल्टिमीटर. हा प्रसंग आठवला की अजून कानशिलं तापतात. मागचं झाकण काढलं, मीटर बीपवर (दोन टोकांत वीज सरळ वाहिली की वाजतो तो) लावला आणि दोन्ही टोकं एकाच करड्या चौकोनी कॉइलच्या दोन बाजूंना टेकवली. पीऽऽप. ‘शॉर्ट.’ अहो, कॉइल म्हणजे गुंडाळलेली तार! तारेच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला काळं लावलं तर मीटर वाजणारच, कोऱ्या करकरीत बोर्डावरही वाजेल. शॉर्ट तपासायचा तर आधी बॅटरी आणि चार्जर काढायचा, काळं टोक ग्राउंडला म्हणजे बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाशी, आणि लाल कॉइलवर. त्यातही प्रोसेसरला लागून असलेल्या कॉइलवर मीटर वाजला तर तो दोष नव्हे; त्या लाइनचा रेझिस्टन्स मुळातच इतका कमी असतो की चांगल्या मशीनवरही बीप येतो. तिथे बीप सोडून ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचा आकडा, वाचायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर झालं.

दोन दिवसांनी मशीन मिळालं. त्याने झाकण लावलं, उघडलं, स्क्रीन लख्ख. पैसे स्कॅन करून दिले.

उलगडा सॅकमध्ये झाला. नाशिकरोडहून सातपूरला निघालो, द्वारका चौकात नेहमीचा खोळंबा, आणि पाठीला चटका बसायला लागला. पोचून बघतो तर लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलेला, पंखा सुसाट, बॅटरी ५८ टक्के. पॉवर ऑप्शन्स उघडले. झाकण बंद केल्यावर: ‘डू नथिंग’. स्लीप: ‘नेव्हर’. हायबरनेटचा (काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद होण्याचा) पर्यायच गायब. ही त्याची ४,५०० रुपयांची दुरुस्ती. मशीन झोपूच दिलं नाही, मग उठायचा प्रश्न कुठे येतो! मागचं झाकण खोलून पाहिलं तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर गोधडीसारखा, जसाच्या तसा. आयसी बदलला असता तर भोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगला लावतात त्या राळेचा, चिकट डाग किंवा ताज्या सोल्डरची चमक दिसली असती. काही नाही. रॅम आणि एसएसडी शाबूत होती, तेवढी मेहेरबानी. तुम्ही मात्र मशीन देण्याआधी दोन्हींच्या लेबलचा फोटो काढा, सीरियल नंबरासकट.

सेटिंग पूर्ववत केलं, झाकण लावलं, उघडलं. काळी स्क्रीन हजर.

मग पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. काळ्या स्क्रीनवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? म्हणजे मशीन जागं आहे, फक्त चित्र येत नाही. माझा लागत होता. नंतर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र. यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. टुक असा आवाज आला आणि स्क्रीन उजळली. दोषी ड्रायव्हर, विंडोज अपडेटने परस्पर टाकलेला. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. हे बटण फिकट असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, भलत्या साइटवरून नको. फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं की शटडाउननंतरही विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन पडतो आणि बिघडलेला ड्रायव्हर तसाच परत येतो. शटडाउन करून फरक पडत नाही आणि रीस्टार्ट केलं की पडतो, त्याचं कारण बहुधा हेच. खर्च शून्य, वेळ पाऊण तास.

कॅप्स लॉकचा दिवा लागलाच नाही तर गोष्ट वेगळी. स्लीपमध्ये सगळं काम रॅममध्ये असतं, म्हणून रॅम काढून, पट्टी पुसून पुन्हा बसवा. दोन असतील तर एकेक लावून बघा. डेस्कटॉप असेल तर एसएमपीएसचा (पॉवर सप्लायच्या डब्याचा) जांभळ्या वायरचा ५ व्होल्टचा स्टँडबाय मोजा, तो मशीन झोपल्यावरही हवाच. स्लीप नीट आणि फक्त हायबरनेट फसतं, तर संशय डिस्कवर, कारण तेव्हा रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं. स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट गेला. आणि नवे लॅपटॉप: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ द्या. ‘एस-झिरो’ दिसलं आणि ‘एस-थ्री’, म्हणजे जुनी पुरती झोप, उपलब्ध नाही असं आलं, तर ते मशीन झोपेतही अर्धवट जागं असतं, सॅकमध्ये तापू शकतं. त्याचा दोष दुरुस्तीवाल्याला देऊ नका. माझ्यात एस-थ्री होतं.

आता दाद मागण्याची कथा. चौकीत म्हणाले, ‘पैसे स्कॅन करून दिलेत ना? मग हे ऑनलाइन, सायबरवाल्यांकडे जा.’ तिकडे म्हणाले, ‘दुकानात जाऊन स्वतःच्या हाताने दिलेत, ऑनलाइन कसलं?’ परत चौकी. आता साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले: ‘ही दिवाणी बाब आहे.’ अर्ज तरी घ्या म्हटलं तर झेरॉक्स आणा. झेरॉक्स आणली तर आवक-जावकवाले जेवायला. पोच शेवटपर्यंत मिळाली नाही. तीन अर्धे दिवस गेले, स्कूटरच्या पेट्रोलचे वेगळे. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे मशीनपेक्षा तिथे जास्त पटलं. कंपनीच्या सेवा केंद्राने तर ऐकूनही न घेता सांगितलं, ‘बाहेर उघडलाय, बोर्ड बदला, २१,३००.’ लुटण्याची ही रीतसर पद्धत, एवढाच फरक.

१९३० हा नंबर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे, काउंटरवरच्या खोट्या दुरुस्तीला तो उपयोगी नाही. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत २ वर्षं, अर्ज ऑनलाइनही करता येतो. पण हातात बिल हवं. माझ्याकडे पॅडच्या कागदावर ‘लॅपटॉप रिपेर ५४५०’, ना जीएसटी क्रमांक, ना आयसीचा नंबर. बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे पैसे देताना आठवलं असतं तर! काढलेला सुटा भाग मागून घ्या. ‘कचऱ्यात गेला’ म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

दुकानात परत गेलो, धुळीचे आणि सेटिंगचे फोटो काउंटरवर ठेवले. त्याने शांतपणे बघितले. म्हणाला, ‘साहेब, पैसे काही परत होत नाहीत. पण तुमच्यासाठी पुढच्या वेळचं चेकिंग फ्री.’