स्विम 5.2, काही महिने रगडून वापरल्यावर

आधीच सांगून टाकते, स्विम या पावसाळी पाण्याच्या सॉफ्टवेअरचं 5.2 अपडेट घ्यायचं का तर हो, घ्या. फुकट आहे आणि जुनी मॉडेल्स त्यात फारशी कुरकुर न करता उघडतात. नवीन काय काय आलं याची यादी सोबतच्या नोट्समध्ये असतेच, ती परत टाइप करत बसत नाही. मला लिहायचंय ते मुख्यतः एका फीचरबद्दल, बाकीचं जाता जाता.

ज्यांनी कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसडब्ल्यूएमएम, बोलताना सगळे स्विमच म्हणतात, हे अमेरिकेच्या ईपीएचं, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेचं, पावसाळी पाण्याचं मॉडेल, पहिली आवृत्ती 1971 ची. पाऊस द्या, पाणलोट द्या, गटारं, पाईप, मॅनहोल, पंप सगळं द्या, मग कुठे किती पाणी वाहतंय आणि कुठे भरून वर येतंय ते सांगतं. बाजारातली काही महागडी पॅकेजेस आतून हेच इंजिन चालवतात. 5.2 आली 2022 मध्ये, नंतर छोट्या दुरुस्त्या येत गेल्या, मी 5.2.4 वापरतेय.

तर मुद्दा असा की इतकी वर्षं या मॉडेलमध्ये पाणी पाईपात शिरतं कसं हा प्रश्नच कोणी विचारत नव्हतं. सबकॅचमेंट, म्हणजे पाणलोटाचा एक तुकडा, काढायचं, त्याचं पाणी सरळ मॅनहोलला जोडायचं, की झालं, रस्त्यावरचा थेंब न् थेंब आत गेला असं धरून पुढे पाईप पुरतोय का ते बघायचं. मग व्हायचं काय, रिपोर्टमध्ये पाईप अर्धा रिकामा आणि प्रत्यक्षात त्याच चौकात गुडघाभर पाणी, आणि मीटिंगमध्ये सगळे मॉडेलकडे अशा नजरेने बघणार की हे काय कामाचं. बऱ्याचदा कारण एकदम साधं असतं, पाणी पाईपपर्यंत पोचतच नाही. गटाराच्या तोंडावरची जाळी लहान, नाहीतर चुकीच्या जागी, नाहीतर रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून जाळी खड्ड्यात आणि पाणी शेजारून निघून जातंय. आणि उपाय म्हणून काय सुचवलं जातं? पाईप मोठा करा.

ज्यांना हे दाखवायचंच असायचं ते वर रस्त्याचं एक जाळं, खाली पाईपांचं एक, आणि मध्ये प्रत्येक ठिकाणी ऑरिफिस (भोक) घालायचे नाहीतर आउटलेट लिंक घालून त्याला हाताने काढलेला रेटिंग कर्व्ह (किती खोलीला किती पाणी याचा आलेख) द्यायचे. चालायचं, पण दुसऱ्याचं असं मॉडेल हातात आलं की तो कर्व्ह कुठून आला हे शोधण्यातच दिवस जायचा.

5.2 मध्ये हे रीतसर आलंय. रस्त्याचा क्रॉस सेक्शन वेगळा देता येतो, म्हणजे मधल्या क्राऊनपासून (उंचवट्यापासून) कर्बपर्यंतची (कडेच्या कठड्यापर्यंतची) रुंदी, आडवा उतार, कर्बची उंची, कडेच्या गटाराची रुंदी आणि खोली, कर्बमागची फुटपाथची पट्टी, रस्ता एका बाजूला उतरता की दोन्ही. मग इनलेटचं, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या तोंडाचं, डिझाइन करायचं, सपाट जाळी, कर्बमधली उभी फट, दोन्ही एकत्र, लांबट स्लॉट, उघड्या नाल्यात बसवायचे ड्रॉप इनलेट. यातलं काहीच जुळत नसेल तर कस्टममध्ये स्वतःचा कर्व्ह. आणि शेवटी कुठल्या रस्त्यावर कुठलं इनलेट, किती नग, किती टक्के तुंबलेलं आणि आत गेलेलं पाणी कुठल्या मॅनहोलला जाणार ते सांगायचं. जे आत गेलं नाही ते रस्त्यानेच पुढच्या इनलेटकडे जातं. हिशोब अमेरिकेच्या हायवे खात्याच्या एचईसी-22 मॅन्युअलच्या पद्धतीने होतो, म्हणजे काहीतरी घरगुती सूत्र नाही, तपासता येतं.

तपासून बघाच एकदा, डोळे उघडतात. रस्त्याचा आडवा उतार 2 टक्के, पाणी कर्बपासून 3 मीटर पसरलंय, म्हणजे कर्बपाशी खोली फक्त 6 सेंटिमीटर. जाळी 0.6 मीटर रुंद. आडवा उतार सगळीकडे सारखा धरला तर एकूण वाहत्या पाण्यापैकी जाळीच्या रुंदीतून जाणारं पाणी साधारण 45 टक्के. पसारा 2 मीटरवर आला तर 61 टक्के, 4 मीटरवर गेला तर 35. बाकीचं पाणी जाळीच्या बाजूने जातं, त्यातलं थोडंफार कडेने आत वळतं पण उताराच्या रस्त्यावर वेग असला की तेही फारसं नाही. म्हणजे पाऊस जितका जोरात तितकी जाळीची टक्केवारी खाली, नेमकी जेव्हा गरज तेव्हाच. त्यात वेग फारच वाढला की पाणी जाळीवरून उडी मारून पुढे जातं, तेही धरलंय, आणि जाळीच्या गजांच्या प्रकारानुसार तो वेग बदलतो. मॉडेलमध्ये ड्रॉपडाउन आहे त्याचं, लोक पहिलाच पर्याय ठेवून पुढे जातात, नका जाऊ.

सखल जागेचं गणित वेगळं. तिथे पाणी थांबतं, त्यामुळे आधी जाळीच्या कडेवरून वीअरसारखं (बांधावरून सांडावं तसं) आत पडतं आणि खोली वाढली की भोकातून ऑरिफिससारखं. कर्बच्या फटीला पाणी फटीच्या उंचीच्या 1.4 पटीच्या वर गेलं की ऑरिफिसचं सूत्र लागतं. इनलेट उतारावर आहे की सखलात हे सॉफ्टवेअर आपोआप ठरवू शकतं, आजूबाजूच्या लिंकचे (मॉडेलमधल्या रस्ता-पाईपच्या तुकड्यांचे) उतार बघून, आणि इथेच गडबड होते. रस्त्याच्या नोडची (दोन तुकडे जुळतात त्या बिंदूची) लेव्हल ही रस्त्याच्या पृष्ठभागाची असते, मॅनहोलच्या तळाची नाही, आणि ती बहुतेक जण भूपृष्ठाच्या डिजिटल मॉडेलवरून उचलतात. त्या डेटातली चूकच रस्त्यावरच्या खोलगटापेक्षा जास्त असली तर सखल जागा मॉडेलमधून गायब होते नाहीतर नसलेली उगवते. त्यामुळे जिथे पाणी साचतं हे सगळ्यांना माहीत आहे तिथे ऑटोमॅटिकवर न सोडता सरळ सखल म्हणून हाताने टाका.

आता रिपोर्ट. स्ट्रीट फ्लो समरी नावाचं नवीन टेबल येतं आणि खरं सांगायचं तर आजकाल मी सगळ्यात आधी तेच उघडते. प्रत्येक रस्त्यावर जास्तीत जास्त पसारा किती, खोली किती, शिखराच्या वेळी इनलेटने किती टक्के घेतलं, सरासरी किती, किती वेळ पाणी ओलांडून गेलं आणि किती वेळ उलटं आलं. पूर्वी जे मॅनहोल फ्लडिंगचं टेबल आपण दाखवायचो ते इंजिनियर सोडून कोणाला कळायचं नाही, अमुक मॅनहोलमधून इतके घनमीटर बाहेर, बरं मग? पण कर्बपासून साडेतीन मीटर पाणी, म्हणजे एक लेन पूर्ण गेली, हे कोणालाही पटकन कळतं. मीटिंगमधली चर्चाच बदलते, पाईपच्या व्यासावरून जाळ्या किती आणि कुठे यावर येते, आणि जाळ्या वाढवणं हे रस्ता खोदून पाईप बदलण्यापेक्षा किती स्वस्त आणि सोपं आहे ते सांगायला नको.

उलट्या पाण्याचा कॉलम दुर्लक्षित करू नका. खालचा पाईप भरला, मॅनहोल ओसंडायला लागलं की ते पाणी इनलेटमधून परत रस्त्यावर येतं असं मॉडेल धरतं. जिथे आउटफॉल, म्हणजे पाणी शेवटी बाहेर पडतं ते तोंड, भरतीच्या किंवा नदीच्या पातळीखाली जातो तिथे हा कॉलम फार बोलका, कारण तिथे जाळ्या वाढवून उपयोग शून्य, जास्त जाळ्या म्हणजे पाणी वर यायला जास्त तोंडं. एकाच टेबलमध्ये दोन शेजारी रस्ते, एकावर कॅप्चर (इनलेटने आत घेतलेलं पाणी) कमी आणि उलटं पाणी नाही, दुसऱ्यावर उलटं पाणीच पाणी, दिसायला दोन्हीकडे सारखंच तुंबलेलं पण दुखणं वेगळं. हे वेगळं काढून दाखवता येणं, माझ्या मते या अपडेटची खरी कमाई हीच.

तुंबण्याच्या टक्केवारीबद्दल थोडी तक्रार आहे. इनलेटला एकच आकडा देता येतो आणि तो पूर्ण रनभर तोच राहतो. खरं तर पहिल्या सरीत पालापाचोळा आणि प्लास्टिक वाहून येतं आणि जाळी हळूहळू बुजत जाते, आणि मधेच कोणीतरी येऊन काठीने साफ करतं. सध्याचा उपाय म्हणजे 0, 25, 50 आणि 75 टक्के असे वेगवेगळे रन घ्यायचे आणि एकाखाली एक ठेवायचे. कंटाळवाणं आहे पण त्यातून एक भारी गोष्ट दिसते, काही ठिकाणी 50 टक्के बुजूनही पसाऱ्यात फारसा फरक नाही आणि काही ठिकाणी 25 लाच सगळं कोलमडतं. सफाईवाल्यांना आधी कुठे पाठवायचं याची यादी म्हणजे हीच की.

पण डेटा! जाळी कुठे आहे, मापं काय, कुठल्या मॅनहोलला जोडलीय ही माहिती कुठल्याच नकाशात धड नसते. पाईपांचा नकाशा मिळतो, जाळ्यांचा नाही. त्यामुळे हे फीचर वापरायचं तर फिरून मोजणी आलीच, तिचे पैसे आणि वेळ आधीच धरा. आणि भरायलाही इंटरफेसमधून एकेका लिंकवर क्लिक करत बसलात तर महिनाभर तेच. मी सरळ आयएनपी फाईल (मॉडेलची इनपुट फाईल) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि इनलेट वापराचा भाग स्प्रेडशीटमध्ये तयार करून चिकटवते, फाईल साधी टेक्स्ट असल्याचा हा मोठा फायदा. इंटरफेस तसा जुन्याच वळणाचा आहे, अनडू अजूनही नाही, त्यामुळे दर थोड्या वेळाने वेगळ्या नावाने सेव्ह करायची सवय लावून घ्या.

वेळेचंही बोलायला हवं. रस्त्याचं जाळं वर आलं की लिंक जवळजवळ दुप्पट होतात, शिवाय दोन इनलेटमधले तुकडे आखूड असतात, आणि डायनॅमिक वेव्ह या प्रवाहाचं पूर्ण गणित करणाऱ्या पद्धतीत लिंक जितकी आखूड तितकी टाइम स्टेप (गणिताचा वेळेचा टप्पा) बारीक. त्यामुळे रन चांगलाच लांबतो. थ्रेड (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारी कामं) वाढवा, आणि प्रत्येक जाळीसाठी रस्ता तोडू नका, एका तुकड्यावर तीनचार जाळ्या नग म्हणून देता येतात. कंटिन्युइटी एरर (आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पाण्याच्या हिशोबातला फरक) मात्र बघत जा, मॅन्युअल 10 टक्क्यांच्या वर गेलं तर निकालावर शंका घ्या म्हणतं, मी 1-2 च्या वर गेलं की टाइम स्टेप कमी करून परत चालवते.

आता बाकीचं. पंपांमध्ये टाइप 5 आलाय, बदलत्या वेगाचा पंप, आणि तो वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आधीच्या टाइप 3 ला सेटिंग 0.8 दिलं की हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) तेच ठेवून डिस्चार्जला (पंपातून जाणाऱ्या प्रवाहाला) सरळ 0.8 ने गुणायचं. खरा पंप असा वागत नाही. वेग 80 टक्के केला की पूर्ण कर्व्हच सरकतो, डिस्चार्ज 80 टक्के पण हेड वेगाच्या वर्गाने, म्हणजे 64 टक्के. तुमचा स्टॅटिक हेड (पाणी प्रत्यक्ष चढवायची उंची) पंपाच्या शून्य डिस्चार्जच्या हेडच्या 64 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो पंप त्या वेगाला थेंबभरही पाणी उचलणार नाही, नुसता फिरत राहील आणि जुनं मॉडेल मात्र छान पाणी जातंय म्हणून दाखवेल. टाइप 5 मध्ये हे बरोबर दिसतं. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) लावलेलं पंपिंग स्टेशन असेल तर एवढ्यासाठीही अपडेट घ्या.

कंट्रोल रूल्समध्ये आता व्हेरिएबलला नाव देता येतं, गणिती सूत्र लिहिता येतं आणि पर्जन्यमापकाचा आकडाही वापरता येतो, अगदी मागच्या काही तासांत मिळून किती पडला तो सुद्धा. म्हणजे मागच्या 6 तासांत अमुक पाऊस झाला असेल तर तलावाचं गेट आधीच उघडून जागा करून ठेवा असं थेट लिहिता येतं. दोन पातळ्यांमधला फरक बघून गेट हलवायचं असेल तर तेही सूत्रात बसतं. फक्त जास्त हौस करू नका, चारपाच सूत्रं एकमेकांत अडकली की गेट दर स्टेपला उघडझाप करायला लागतं आणि ते कुठल्या नियमामुळे हे शोधणं म्हणजे डोकेदुखी.

स्टोरेजला नवीन आकार आलेत, दंडगोल, शंकू, पॅराबोला, पिरॅमिड. उताराच्या बाजूंचा आयताकृती तलाव असेल तर आता खोली-क्षेत्रफळाचं टेबल करत बसावं लागत नाही. छान, पण इतकंच.

नाही काय ते पण. टूडी, म्हणजे जमिनीवर सगळ्या दिशांना पसरणाऱ्या पाण्याचं गणित, नाही. पाणी रस्त्याच्या सेक्शनच्या बाहेर गेलं, गल्लीतून, आवारातून, पलीकडच्या मैदानातून वाट काढायला लागलं की ते कुठे जाईल हे स्विम सांगणार नाही, तुम्ही काढून दिलेल्या रेघांवरूनच पाणी जाणार. पुराची व्याप्ती नकाशावर रंगवून हवी असेल तर एचईसी-रास हे सॉफ्टवेअर आहे, 2016 च्या 5.0 पासून त्यात टूडी आहे आणि तेही फुकट. पाऊसपाणी रस्त्याच्या कर्बमध्ये आहे तोपर्यंत स्विम, कर्ब सोडलं की टूडी, मी तरी असंच वाटून घेतलंय.

शेवटी एक, हलवाहलव करताना. जुनी फाईल 5.2 मध्ये उघडते पण तुम्ही रस्ते आणि इनलेट घालून सेव्ह केलेली फाईल समोरच्याच्या 5.1 मध्ये उघडणार नाही, त्या आवृत्तीला हे भाग माहीतच नाहीत. क्लायंटकडे, रिव्ह्यू करणाऱ्याकडे कुठली आवृत्ती आहे ते आधी विचारा आणि काहीही नवीन घालण्याआधी जुना रन आणि 5.2 मधला तोच रन शेजारी ठेवून आउटफॉलचे हायड्रोग्राफ (वेळेनुसार प्रवाहाचे आलेख) जुळवून घ्या. नाहीतर पुढे आकडे बदलले की ते इनलेटमुळे बदलले का आवृत्तीमुळे यावर वाद घालत बसावं लागतं.