हरलेला शनिवारी, जिंकलेला रविवारी: पणजीतल्या फिल्म क्लबचा पास घ्यावा का?

आधी कामाचं सांगते. महिन्याचा पास 500 रुपये, शनिवार-रविवार संध्याकाळी 6.30, पणजीच्या मळा भागात एका जुन्या घराचा वरचा हॉल. लाकडी जिना अरुंद आहे, वर जाताना डोकं सांभाळा. खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखे तीन, त्यातला एक फिरतो कमी आणि बोलतो जास्त. प्रोजेक्टर मात्र चांगला आहे, आणि पडदा म्हणजे चादर नाही, खरा पडदा.

या सीझनची थीम भांडण लावणारी आहे: ज्यांना वरचं बक्षीस मिळायला हवं होतं पण भलत्यालाच मिळालं, असे जुने सिनेमे. आता असल्या याद्या यूट्यूबवर ढिगाने पडल्यात, त्यासाठी कोणी 500 रुपये मोजणार नाही. पण हे लोक शनिवारी हरलेला दाखवतात आणि रविवारी त्याच वर्षी जिंकलेला, मग चहा, मग चिठ्ठ्या टाकून मत, मग जो काय वाद होतो तो होतो. पासचे पैसे इथेच वसूल. कारण अन्याय झाला अन्याय झाला असं आपण सगळेच म्हणतो, पण जिंकलेला सिनेमा आपल्यातल्या निम्म्यांनी पाहिलेलाच नसतो.

सुरुवात अर्थात सिटिझन केनने. 1941 चा सिनेमा, ऑर्सन वेल्स तेव्हा पंचविशीत, नऊ नॉमिनेशनं आणि हातात एकच ऑस्कर, तोही पटकथेचा, तोही हर्मन मँकीविट्झबरोबर वाटून घेतलेला. हर्स्ट नावाच्या पेपरवाल्या शेठला वाटलं हा सिनेमा आपल्यावरच काढलाय, मग त्याच्या पेपरांनी जाहिरातीसुद्धा घेतल्या नाहीत. बेस्ट पिक्चर गेलं जॉन फोर्डच्या हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅलीला. म्हणून रविवारी सगळे नाक मुरडायच्या तयारीनेच आलेले. आणि काय सांगू, हॉल चिडीचूप! ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातलं कोळशाच्या खाणीचं गाव, बाप आणि पोरं एकाच खाणीत, मजुरी कापली म्हणून संप, घरात बाप विरुद्ध पोरं, आणि मागे डोंगरावर खाणीचा काळा कचरा वाढत वाढत ती हिरवी दरी गिळत जातो. माझ्या शेजारी डिचोलीचे एक काका बसलेले, ते हळूच म्हणाले, "हें आमचेंच." ज्यांनी मायनिंगचे ट्रक, घरादारावर बसलेली लाल धूळ आणि मग 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद होऊन सगळं ठप्प झाल्यावर दारात नुसते उभे राहिलेले तेच ट्रक पाहिलेत त्यांना हा सिनेमा रडका वाटूच शकत नाही. (शूटिंग वेल्समध्ये झालंच नाही हां, युद्ध चालू होतं म्हणून कॅलिफोर्नियाच्या डोंगरात अख्खं गाव उभं केलेलं.) मत तरी मी केनलाच दिलं, कारण कॅमेरा कुठे ठेवायचा आणि गोष्ट कुठून सुरू करायची हे त्या सिनेमाने पुढच्या सगळ्यांना शिकवलं. पण हा अन्याय नव्हे हो, ही दोन चांगल्या सिनेमांमधली चुरस होती.

खरा अन्याय बघायचा तर 1952 ची जोडी. शनिवारी हाय नून, 85 मिनिटं, पडद्यावरचं घड्याळ जवळपास आपल्या घड्याळाबरोबरच चालतं, गावातला एकेक माणूस मार्शल झालेल्या गॅरी कूपरला मदत नाकारत जातो आणि आपल्याला ओळखीचे चेहरे दिसायला लागतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये असतात ना, तेच. लेखक कार्ल फोरमन त्याच वेळी अमेरिकेतल्या कम्युनिस्ट-शोधाच्या चौकशीत सापडलेला, नावं सांगायला तयार नव्हता, काळ्या यादीत गेला, देश सोडून इंग्लंडला गेला. हॉलिवूडचं वातावरण तेव्हा असं होतं, त्यामुळे बेस्ट पिक्चर कुणाला गेलं याचं नवल वाटू नये. ते गेलं सेसिल बी. डमिलच्या द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थला. सर्कस. अडीच तास सर्कस. हत्ती, झुले, परेड, परत हत्ती, जेम्स स्ट्युअर्ट सिनेमाभर जोकरच्या रंगात, आणि शेवटाकडे आगगाडीचा अपघात, तेवढा एक जागं करतो. जत्रेतल्या दशावतारात पहाटे तीनला डुलकी लागते तशी माझ्या रांगेतली तीन माणसं घोरत होती. बरं, हाय नूनला अगदीच काही मिळालं नाही असंही नाही, कूपरला बेस्ट ॲक्टर धरून चार मिळाली, आणि गंमत म्हणजे कूपर हजर नव्हता तर त्याच्या वतीने ऑस्करची बाहुली घ्यायला गेला जॉन वेन, ज्याला हा सिनेमा मनापासून आवडत नव्हता!

पण मला विचाराल तर त्या वर्षी हरला तो तिसराच. सिंगिंग इन द रेन बेस्ट पिक्चरच्या पाचात नव्हताच. आयोजकांनी हा दाखवला नाही, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. दोन सिनेमांच्या जोड्या लावल्या की जे शर्यतीतच घेतले गेले नाहीत ते आपोआप बाहेर राहतात, आणि सगळ्यात मोठे घोटाळे तर तिथेच झालेत. कुब्रिकचा '2001: अ स्पेस ओडिसी' सुद्धा तसाच, 1968 ला बेस्ट पिक्चर ऑलिव्हरला आणि हा यादीतच नाही. कुब्रिकला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं, ते याच सिनेमाच्या व्हिज्युअल इफेक्ट्सचं. जोडी लावायचीच तर अशी लावा ना.

हिचकॉकच्या व्हर्टिगोच्या बाबतीत त्यांनी नियम मोडला, ते बरं केलं. 1958, दोन फुटकळ नॉमिनेशनं, कलादिग्दर्शन आणि ध्वनी, बस्स. बर्नार्ड हर्मनचं ते घुमत राहणारं संगीत, त्याला नॉमिनेशनसुद्धा नाही. 2012 साली जगभरच्या समीक्षकांच्या साईट अँड साऊंड पोलमध्ये हाच सिनेमा पहिला आला, पन्नास वर्षं तिथे बसलेल्या केनला खाली ढकलून. आणि त्या वर्षी ऑस्करला कोण जिंकलं? जिजी. नऊ नॉमिनेशनं, नऊच्या नऊ ऑस्कर. पॅरिस, रेशमी कपडे, आणि सुरुवातीलाच एक म्हातारा छोट्या मुलींवर खुशीत गाणं म्हणतो, हॉलमधल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजलं. चिठ्ठ्यांमध्ये जिजीला जेमतेम काही मतं पडली, तीसुद्धा पोशाखांसाठी असावीत.

1976 ची चर्चा सगळ्यात लांबली, खालून घरमालकीण काकी येऊन "रात्र झाली रे" म्हणून गेल्या. टॅक्सी ड्रायव्हर आणि नेटवर्क दोन्ही हरले, जिंकला रॉकी. शिकलेसवरलेले लोक रॉकीला हसतात पण परत बघा एकदा, अर्धा सिनेमा बॉक्सिंगचा नाहीच, एका लाजऱ्या माणसाचा आणि त्याहून लाजऱ्या बाईचा आहे, आणि रॉकी पडद्यावर शेवटी गुणांवर हरतो हे कित्येकांच्या लक्षातच नसतं. माझं मत नेटवर्कला. टीव्हीवर माणूस वेडापिसा होऊन ओरडतो आणि चॅनेलवाले टीआरपी मोजत बसतात, हे 1976 चं आहे यावर विश्वास बसत नाही, रात्री 9 ला कुठलंही न्यूज चॅनेल लावा आणि ताडून बघा. तो ओरडणारा माणूस झालेला पीटर फिंच बेस्ट ॲक्टर ठरला तोवर तो गेलेला होता. 1994 चं शॉशँक आणि फॉरेस्ट गंप मी चुकवलं, त्यावर बोलायचं तरी किती, शॉशँकची सात नॉमिनेशनं आणि शून्य ऑस्कर हे आता पोरासोरांनाही पाठ आहे.

आपल्याकडच्या सिनेमांवर आले तेव्हा हॉल फुल. शोले आणि दीवार, दोन्ही 1975. फिल्मफेअरला बेस्ट फिल्म दीवार, आणि शोलेला मिळून मिळून एकच, एडिटिंगचं, ते मात्र आपल्या एम. एस. शिंद्यांना. पुढे 2005 ला फिल्मफेअरनेच शोलेला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम सिनेमा ठरवलं, म्हणजे ज्याला एका वर्षात पहिला नंबर देता आला नाही त्याला पन्नास वर्षांत दिला, हे गणित मला आजपर्यंत सुटलेलं नाही. सगळा हॉल शोलेच्या बाजूने आणि मी दीवारच्या. शोले बघताना मजा येते, संवाद पाठ आहेत, सगळं मान्य, पण दीवारमध्ये एकही सीन इकडचा तिकडे करता येत नाही, आणि दोन भावांच्या मधे उभी निरुपा रॉय कुठल्याच बाजूला पूर्ण जाऊ शकत नाही तिथे पटकथा काय असते ते कळतं. लेखक दोन्हीकडे सलीम-जावेदच, त्यामुळे त्यांना काय फरक पडला असेल! व्हर्टिगोच्या संगीतकाराचं, बर्नार्ड हर्मनचंही तसंच झालेलं, 1941 चं संगीताचं ऑस्कर त्याने केनसाठी नाही तर दुसऱ्याच एका सिनेमासाठी घेतलं, स्वतःलाच हरवून.

पाकीजाचा प्रकार तर रागच आणतो. 1972, मीनाकुमारी सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांच्या आत गेली, संगीतकार गुलाम मोहम्मद त्याच्या चार वर्षं आधीच गेलेले, आणि फिल्मफेअर बेस्ट फिल्म कोण तर बेईमान, संगीतही बेईमान. प्राणने त्याच बेईमानसाठी मिळालेलं स्वतःचं फिल्मफेअर नाकारलं, का तर गुलाम मोहम्मदना मिळायला हवं होतं म्हणून. रविवारी बेईमान दाखवला, मी अर्ध्यातून उठून पातळभाजी-पाव खायला गेले. खाली मिळतो तो, सोबत मिरची आणि चहा, 60 रुपयांत पोट भरतं, याला पूर्ण मार्क.

शेवटची जोडी मात्र आयोजकांची हुशारी म्हणायला हवी. 1954 साली सरकारने पहिल्यांदा सिनेमांना पारितोषिकं दिली, तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या श्यामची आईला आणि बिमल रॉयच्या दो बिघा जमीनला नुसतं गुणवत्ता प्रमाणपत्र. (गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, आमच्या आजोबांच्या दृष्टीने हे शेजारच्या देशातलं बक्षीस.) म्हणजे इतके दिवस आपण दुसऱ्यांच्या निकालांना नावं ठेवत होतो आणि आता जिंकलेला आपलाच निघाला. दो बिघा जमीनमध्ये बलराज साहनी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो, बसलेलं गिऱ्हाईक जोरात, अजून जोरात म्हणतं, तो सीन बघून मला पाणी प्यावं लागलं. श्यामची आई आपल्या रक्तातच आहे, वनमालाबाई दिसल्या की अर्ध्या हॉलचे डोळे भरतात, कोकणातलं ते अंगण, ती गरिबी, सगळं घरचं. पण कॅमेऱ्याकडे बघितलं तर बराचसा भाग रंगभूमीवरून उचलून ठेवल्यासारखा वाटतो. त्यात कॉपी इतकी वाईट की पडद्यावर पाऊस आणि बाहेरही पाऊस. मी दो बिघाला चिठ्ठी टाकली आणि शेजारच्या मावशींनी ती वाचली. पुढचा पूर्ण चहा त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. निकाल लागला तर श्यामची आई फक्त चार मतांनी पुढे, म्हणजे माझ्यासारखे गद्दार बरेच होते.

बाकी तक्रारी थोडक्यात. पावसात पत्र्याचा आवाज इतका होतो की सबटायटल नसतील तर संवाद विसरा, आणि मराठी-हिंदी सिनेमांना सबटायटल नसतात. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, प्रोजेक्टर नाही. चर्चा चालवणारा मुलगा वाचलेला आहे पण माईक सोडत नाही. आसगावहून येणारी काही पर्यटक मंडळी इंटरव्हलनंतर गायब होतात, त्यांच्या खुर्च्या मागच्यांना द्याव्यात.

पाचपैकी चार. पास फोनवर सांगून ठेवता येतो, पण पैसे रोखच लागतात. गाडी मळ्याच्या गल्लीत घालू नका, कदंबा बसस्टँडजवळ लावा आणि चालत या. आणि आयोजकांपैकी कोणी वाचत असेल तर पुढच्या सीझनला प्यासा घ्या, 1957 चा, त्याच्यासमोर मदर इंडिया, मावशींना मी स्वतः घेऊन येते.