मानसिक आरोग्य सहाय्यक व्हायचंय: छोटा कोर्स, एका पद्धतीचं प्रशिक्षण की पदविका?

मानसिक त्रासातल्या माणसांना त्यांच्या वस्तीत, त्यांच्या घरी जाऊन आधार द्यायचं काम शिकायचं म्हटलं की साधारण तीन वाटा दिसतात. काही तासांचा किंवा दोनेक दिवसांचा प्रथमोपचार कोर्स, एखादी ठरावीक पद्धत शिकवणारं त्याहून लांबचं प्रशिक्षण, आणि रीतसर पदविका. बहुतेक जण आधी प्रमाणपत्राचं वजन बघतात. मी आधी बघेन ते वेगळं: शिकताना तुमचं काम कोणी डोळ्यांनी बघणार आहे का, आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगणार आहे का.

छोट्या कोर्सबद्दल थोडक्यात. मानसिक आरोग्य प्रथमोपचाराचा कोर्स २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत गेला. शिकणाऱ्याची माहिती आणि आत्मविश्वास यामुळे वाढतो, हे अभ्यासांतून दिसलंय. ज्याला मदत मिळाली त्याची तब्येत सुधारते का, याचा पुरावा मात्र तोकडा आहे. शिक्षक, पोलीस, ऑफिसातले व्यवस्थापक यांना हा कोर्स जरूर उपयोगी आहे. पण तेवढ्यावर कोणी तुम्हाला रुग्णांच्या घरी पाठवत असेल, तर नाही म्हणा.

खरा विचार करण्याजोगी वाट दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. आठवड्याला एक अशा पाच बैठका, प्रत्येक दीड तासाची. संथ श्वसन, अडचणीची फोड करणं, बंद पडलेली रोजची कामं पुन्हा सुरू करणं आणि आसपासच्या माणसांचा आधार वाढवणं, एवढंच त्यात असतं, आणि ते मानसोपचाराची पदवी नसलेल्यांनी द्यावं म्हणूनच रचलंय. झिंबाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकावर बसून लोकांचं ऐकणाऱ्या आज्यांचा ‘फ्रेंडशिप बेंच’ही याच जातकुळीतला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं तयार केलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम केलं, त्याचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ने छापला. तिथे बैठकांचं रेकॉर्डिंग गटात ऐकून सहकारी एकमेकांना गुण देत. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

कारण शिकायचं असतं ते फार बारीक. सरावात समोरची बाई म्हणते, ‘आता जगण्यात काही राम नाही.’ नवखा चटकन म्हणतो, ‘अहो, सगळं ठीक होईल.’ प्रशिक्षक तिथेच थांबवतो आणि पुन्हा म्हणायला लावतो: ‘जीव द्यायचे विचार मनात येतात का?’ थेट विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, हे वर्गात सगळ्यांना पटतं; तोंडातून मात्र वाक्य सहज निघत नाही. ते दहा वेळा म्हणून बघावं लागतं. म्हणूनच ऑनलाइन कोर्स माहितीसाठी चालेल, सरावाची जागा तो घेऊ शकत नाही.

या वाटेला मर्यादाही आहे. भ्रम-भास, तीव्र आजार, तातडीचा आत्महत्येचा धोका अशा वेळी या पद्धती पुरत नाहीत, रुग्णाला पुढे पाठवावं लागतं. पदविका उपयोगी पडते ती इथे. औषधांचे दुष्परिणाम ओळखणं, गोपनीयता, नोंदी ठेवणं, थकलेल्या कुटुंबाशी बोलणं, कायदा, हे सगळं शिकायला वेळ लागतो, आणि पगारी नोकरीसाठी बऱ्याच ठिकाणी पदविकाच मागतात. अडचण एवढीच की काही पदविका निव्वळ कागदी असतात. प्रवेशाआधी विचारा: प्रत्यक्ष कामाचे तास किती, कुठल्या दवाखान्यात किंवा वस्तीत, आणि सोबत कोण असणार? उत्तर मोघम आलं तर फी भरू नका.

स्वतः आजारातून सावरलेल्यांसाठी समदुःखी सहाय्यकाचं वेगळं प्रशिक्षण असतं. तिथे तुमचा अनुभव हीच पात्रता धरली जाते. फक्त स्वतःची गोष्ट कधी सांगायची आणि कधी गिळायची, हे नीट शिकवणारी संस्था निवडा.

आधीच आरोग्यसेविका असाल किंवा एखाद्या संस्थेत काम करत असाल, तर दुसरी वाट धरा. शून्यातून पूर्णवेळ नोकरीकडे जायचं असेल, तर चांगली पदविका. दोन्हींत जुन्या विद्यार्थ्यांना गाठून एक गोष्ट विचाराच: कोर्स संपल्यावर, अवघड प्रसंगानंतर फोन करायला तुम्हाला कोणी होतं का?